अवेळी गुंडाळलेली कथा



वसंतातल्या या व्याख्यानांत इतिहास येतो, संतवाङ्मय येते, अर्थकारण येते. आणि ते यावेच. त्यांच्या पंगतीला आज आम्ही जो विषय आणून बसवीत आहोत, तो काहींना पोरकट वाटण्याचा संभव आहे. विज्ञानकथेवरची दूरचित्रवाणी मालिका ठरल्या वेळेआधी आपली कथा आटोपती घेते, तेव्हा नेमके काय होते, हा तो विषय. मालिका ती काय, आणि तीही परग्रहांची व अवकाशयानांची! ती वर्षभर आधी संपली म्हणून अर्नाळ्याच्या माणसाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. परंतु ज्या घरात रात्रीची पाने कधी वाढायची हे मालिकेच्या वेळेवरून ठरते, त्या घराने कथा कोण संपवतो, केव्हा संपवतो आणि कशासाठी संपवतो, याचा थोडा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. कथा बंद होण्याला आपल्या बोलण्यात तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. कथा संपते, कथा तुटते आणि कथा गुंडाळली जाते. जिला जिथे पोचायचे होते तिथे ती पोचली, म्हणजे संपली. मध्येच दोर कापला गेला, म्हणजे तुटली. आणि पुढे रस्ता उरणार नाही असे दिसू लागल्यामुळे कथाकाराने घाईघाईने साऱ्या गाठी मारून टाकल्या, म्हणजे ती गुंडाळली गेली.

तुटलेल्या कथेचे प्रसिद्ध उदाहरण ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचे. तिच्या प्रत्येक भागाच्या आरंभी सांगितले जाई की हे यान पाच वर्षांच्या मोहिमेवर निघाले आहे. १९६६ साली ती सुरू झाली. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद होणार अशी वार्ता पसरली, तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीवर पत्रांचा वर्षाव केला आणि तिसरे वर्ष पदरात पाडून घेतले. परंतु १९६९ साली, ७९ भागांनंतर, मालिका थांबली ती थांबलीच. यान परत आले की नाही, हे त्या मालिकेने सांगितले नाही. पाच वर्षांची मोहीम तीन वर्षांत तुटली. मात्र त्या मालिकेचा प्रत्येक भाग हा स्वतंत्र अध्यायासारखा होता. सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाण्याची कथा ऐकली नाही तरी लाकूडतोड्याची कळते, तसे. त्यामुळे तुटल्याचे दुःख झाले, तरी पदरी पडले ते पूर्ण होते.

खरी अडचण निर्माण होते ती एकच दीर्घ कथा सांगणाऱ्या मालिकेत. तिथे पहिल्या वर्षी पेरलेले बी चौथ्या वर्षी उगवायचे असते. आणि अशा मालिकेची लांबी कथेवरून ठरत नाही. ती कथेबाहेरच ठरते. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचा काळ आला, तेव्हा तेरा भागांची मंजुरी मिळण्याची पद्धत पडली. तेरा कशासाठी? तर वर्षाचे आठवडे बावन्न, आणि त्याचा चौथा हिस्सा तेरा. कथेची गरज अकरा भागांची आहे की एकोणीस भागांची, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता. पुढची मंजुरी येईल की नाही, हेही लेखकाला बहुधा आधी ठाऊक नसे. अमेरिकेत तेरांच्या जागी बाविसांचा हिशेब, आणि दर वसंतात नूतनीकरणाचा निवाडा. कीर्तनकार बुवासुद्धा श्रोत्यांची चुळबुळ पाहून आख्यान आवरते घेतात. परंतु आवरायचे की नाही हे बुवा स्वतः ठरवतात. इथे निर्णय घेणारा माणूस कथा ऐकायलाही बसलेला नसतो.

आता आम्ही आमच्या मुख्य उदाहरणाकडे येतो. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की नावाच्या लेखकाने एक संकल्प केला. दूरचित्रवाणीसाठी पाच वर्षांची एक कादंबरी लिहायची, तिला आदि, मध्य आणि अंत असेल, आणि तो अंत पहिल्या दिवसापासून ठरलेला असेल. तिचे नाव ‘बॅबिलॉन ५’. तिचा आरंभीचा चित्रपट फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवला गेला आणि नियमित मालिका जानेवारी १९९४ मध्ये सुरू झाली. एकूण ११० भागांपैकी ९२ भाग या एकट्या माणसाने लिहिले. तिसरे आणि चौथे वर्ष तर त्याने पूर्णपणे स्वतःच लिहून काढले.

कथा तेविसाव्या शतकातली. अवकाशात पाच मैल लांबीचे एक स्थानक आहे. त्यावर अडीच लाख लोक राहतात. काही मानव, काही इतर ग्रहांवरचे. व्यापारी येतात, वकील येतात, पळून आलेले येतात. ज्यांनी बंदर पाहिले आहे त्यांना हे स्थानक समजावून सांगावे लागत नाही. निरनिराळ्या भाषांची माणसे जिथे एकाच धक्क्यावर उतरतात, तिथे तंटेही होतात आणि सोयरिकीही होतात. या स्थानकाभोवती दोन मोठ्या घडामोडी विणलेल्या होत्या. एक म्हणजे दोन अतिप्राचीन सत्तांचे वैर. एक सत्ता शिस्तीची उपासक, दुसरी उलथापालथीची. आणि दोघीही तरुण जातींना प्याद्यांसारख्या वापरणाऱ्या. दुसरी म्हणजे खुद्द पृथ्वीवर हळूहळू रुजत गेलेली हुकूमशाही, आणि तिच्याविरुद्ध स्थानकाच्या प्रमुखाने, शेरिडनने, केलेले बंड.

पहिल्या तीन वर्षांत लेखक सावकाश चालला. पहिल्या वर्षी नुसती एक सावली दिसते. दुसऱ्या वर्षी तिचे नाव कळते. तिसऱ्या वर्षी युद्ध पेटते. प्रेक्षकाला घाई नव्हती, कारण लेखकाने पाच वर्षांचे वचन दिले होते. परंतु चौथे वर्ष आले, आणि ज्या केंद्रांच्या संघटनेमार्फत मालिका दाखवली जात होती ती संघटनाच मोडकळीला आली. पाचवे वर्ष मिळेल याची शाश्वती उरली नाही. लेखकापुढे दोनच वाटा होत्या. ठरल्या चालीने चालत राहावे आणि कथा तुटू द्यावी, किंवा दोन वर्षांची कथा एका वर्षात कोंबून ती पुरी करावी. त्याने दुसरी वाट धरली.

परिणाम काय झाला तो पाहा. ज्या महायुद्धाची तयारी तीन वर्षे चालली होती, ते चौथ्या वर्षाच्या सहाव्या भागात मिटले. त्यानंतर पृथ्वीवरच्या बंडाची कथा वेगाने पुढे सरकली. शेरिडन पकडला जातो, त्याला कोठडीत डांबतात आणि त्याचा छळ करतात, हा त्या वर्षाचा अठरावा भाग. ही कैद म्हणजे मुळात चौथ्या वर्षाचा शेवट व्हायची होती, असे लेखकाने पुढे सांगितले आहे. प्रत्यक्षात पुढच्याच भागात त्याची सुटका झाली आणि विसाव्या भागात हुकूमशहाचा पाडाव झाला. त्याला पकडून देणारा त्याचाच जुना मित्र गॅरिबाल्डी. शत्रूने त्याच्या मनाचा ताबा घेतला होता, म्हणून तो फितूर झाला. सतराव्या भागात त्याने मित्राला धरून दिले आणि एकोणिसाव्या भागात तोच त्याला सोडवायला आला. ज्या पापाची वेदना एखाद्या कादंबरीने शंभर पाने वागवली असती, ती दोन भागांत मिटवून टाकावी लागली.

शेवटचा भागही चौथ्या वर्षाच्या अखेरीस चित्रित करून ठेवला गेला. आणि मग दैवाने फासा उलटा टाकला. टीएनटी नावाच्या दुसऱ्या वाहिनीने पाचवे वर्ष देऊ केले! तयार झालेला शेवट बाजूला ठेवावा लागला, चौथ्या वर्षासाठी दुसरा समारोप घाईने तयार करावा लागला, आणि १९९८ साली पाचवे वर्ष सुरू झाले. परंतु सांगण्याजोगे बरेचसे सांगून झाले होते. इव्हानोव्हाची भूमिका करणारी नटी दरम्यान मालिका सोडून गेली होती. तरी २५ नोव्हेंबर १९९८ रोजी अखेरचा भाग दाखवला गेला, तेव्हा ती त्यात दिसली, कारण तो भाग वर्षापूर्वीच चित्रित झाला होता. पाचव्या वर्षाचा पूर्वार्ध ढिला पडला, अशी तक्रार त्या मालिकेचे चाहते आजही करतात. हा दोष लेखणीपेक्षा वेळेचा आहे, असे आमचे मत आहे. भूक होती तेव्हा ताट ओढून घेतले, आणि घास कोंबून झाल्यावर ताट पुन्हा पुढे सरकवले, असा हा प्रकार झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या घाईत नेमके काय गेले? चटकन सुचणारे उत्तर असे की शेवट बिघडला. परंतु तसे झालेले नाही. या मालिकेचा अखेरचा भाग तिच्या उत्कृष्ट भागांत गणला जातो, आणि ते साहजिक आहे. लेखकाला तो पहिल्यापासून ठाऊक होता. त्याला तो शोधावा लागला नाही. स्वतः त्यानेच तो दिग्दर्शितही केला. घाईचा घाव शेवटावर बसला नाही, तो मध्यावर बसला.

हे नीट समजण्यासाठी आपल्या इथलेच एक उदाहरण घेऊ. १७३७ साली मराठ्यांनी अर्नाळ्याचे बेट घेतले, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. या किनाऱ्यावरच्या शाळकरी मुलालाही शेवट ठाऊक आहे. परंतु एखाद्या इतिहासकाराने पहिल्या पानावर अर्नाळा सांगितला आणि दुसऱ्या पानावर वसई पडल्याचे सांगितले, तर त्यात खोटे एक अक्षरही नसेल, आणि तरीही वाचकाला काही कळलेले नसेल. मधली दोन वर्षे, वसईपुढून एकदा हात हलवीत परतावे लागलेली फौज, पावसाळ्याने थांबवलेली मोहीम, तारापूर आणि माहीमच्या लढाया, सुरुंग, खाडीचा चिखल, पडलेली माणसे, हे सारे गेले की उरतो तो नुसता निकाल. निकाल कळणे आणि कथा कळणे यांत हे अंतर आहे.

म्हणून आम्ही असे म्हणतो की कथेचा शेवट कथाकाराच्या मालकीचा असतो, आणि मध्य ऐकणाऱ्याच्या. शेवटाच्या क्षणी आपण फक्त साक्षीदार असतो. मध्यात मात्र आपण राहतो. पुढे काय होईल, याने असे का केले, तो खरेच फितूर आहे की काय, याची चर्चा आपण पाणवठ्यावर करतो, लोकलच्या डब्यात करतो, सुनेशी करतो, नातवाशी करतो. कैदेतल्या नायकाची काळजी आठवडे-आठवडे वाहायची असते. ती काळजी वाहता वाहताच कैद म्हणजे काय, हे आपल्याला कळते. मालिका गुंडाळली जाते तेव्हा कापला जातो तो हा आपला हिस्सा.

इथल्या दर्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे दुसऱ्या रीतीने सांगता येईल. डोल मांडतात ती पाण्याच्या ओढीत. ओढ चालू असते तोवर जाळे दिसत नाही, हाताला काही लागत नाही. तरी काम चाललेले असते ते त्याच वेळी. ओढ सैल पडली की जाळे वर घ्यायचे. त्याआधी घेतले तर जाळे तेच, मेहनत तीच, पण आत मासळी थोडी. कथेतही प्रेक्षकाच्या मनात भर पडते ती अशी, दिसत नसलेल्या वेळात.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की, प्रेक्षकाला शेवट कळला म्हणजे तो समाधान पावतो. बाकीचे अभ्यासकांचे चोचले आहेत. याला उत्तर आपल्याच देशात मिळते. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली. मूळ योजना ५२ भागांची होती. वाढत वाढत ती ७८ भागांवर गेली, आणि ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकानंतर थांबली. रामकथेचा शेवट कोणाला ठाऊक नव्हता? सगळ्या देशाला ठाऊक होता. तरीसुद्धा जालंधरसह उत्तरेकडच्या काही शहरांत सफाई कामगारांनी संप पुकारला. मालिका उत्तरकांडापर्यंत गेली पाहिजे, ही त्यांची मागणी होती. कारण उत्तरकांडात वाल्मीकी स्वतः कथेत येतात, सीतेला आश्रय देतात, लवकुशांना वाढवतात. आणि हे कामगार वाल्मीकींना आपले मूळपुरुष मानणारे. राज्याभिषेकाशी कथा संपवणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने त्यांचा माणूस दारातच ठेवून दार लावून घेणे होते. सरकारला मागणी मान्य करावी लागली, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात लवकुशांची कथा पडद्यावर आली. पोथीत कथा होती, घरात ठाऊक होती. परंतु सर्वांच्या समोर, सर्वांच्या वेळात ती सांगितली जावी, हा हक्क त्यांना हवा होता. तेव्हा अवेळी समाप्तीचे दुःख हे शेवट न कळल्याचेच असते, असे समजण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरातलाच आहे. तुम्ही लवकर संपण्याची तक्रार करता. आमची तक्रार तर मालिका संपतच नाहीत ही आहे! आमटीत पाणी घालावे तशी कथा वाढत जाते. एक लग्न चार महिने चालते. मेलेला माणूस पुन्हा दारात उभा राहतो. हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. परंतु लांबवणे आणि गुंडाळणे हे दोन आजार दिसायला उलट असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोन्ही ठिकाणी लांबी कथेने ठरवलेली नसते. प्रेक्षक आहे तोवर ओढा, आणि प्रेक्षक कमी झाला की आठवड्याभरात गुंडाळा, हा एकच न्याय दोन टोकांना लागू होतो. पुष्कळदा तर एकाच मालिकेला दोन्ही आजार होतात. तीन वर्षे लांबवलेली कथा अखेर तीन दिवसांत मिटवली जाते, आणि मधल्या साऱ्या गाठी एका संवादात सुटल्याचे जाहीर होते.

मग विज्ञानकथेचाच विषय मुद्दाम का घेतला, याचे कारण सांगतो. कौटुंबिक मालिका अर्धी राहिली तर तिचे उरलेले अर्धे आपण स्वतः पुरे करू शकतो. सासू कशी वागते, भाऊ वाटणीवरून कसे भांडतात, हे आपण पाहिलेले असते. विज्ञानकथेत जगच नवे असते. त्याचे नियम कथाकाराने घालून दिलेले असतात, आणि एका नियमापासून दुसरा परिणाम, त्यापासून तिसरा, असे ते जग उलगडत जाते. असे असे घडले तर समाजाचे काय होईल, हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर एका दमात देता येत नाही. परिणाम दिसायला अवधी लागतो. प्रयोगशाळेत नळी तापण्याआधीच निष्कर्ष लिहून मोकळे व्हावे, तसे अशा कथेची घाई केल्याने होते. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल. परंतु प्रयोग झालेला नसतो.

याची जाण आपल्या भाषेला नवी नाही. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८६५ साली चंद्राकडे जाणाऱ्या तिघांची कादंबरी लिहिली. तोफेतून सुटलेला तो गोळा चंद्राभोवती फिरत राहिला आहे, एवढे सांगून त्याने ती थांबवली. आतल्या माणसांचे काय झाले, हे कळायला वाचकांना १८६९ सालपर्यंत थांबावे लागले. त्याच व्हर्नची चंद्राची कथा ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० ते १९०६ या काळात क्रमशः येत होती. सहा वर्षे! त्या काळी अंक घरी येणे, वाचून शेजारी देणे, पुढच्या अंकाची वाट पाहणे, ही सारी कथेचीच अंगे होती. मराठी वाचक विज्ञानकथेची वाट पाहायला त्या वेळेपासून शिकलेला आहे.

पुढे मराठी विज्ञानकथा मुख्यतः लघुकथेच्या रूपात वाढली. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेला १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्ण विवर’ ही कथा आली, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाल्यावर कळले की लेखक डॉ. जयंत नारळीकर आहेत. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून त्यांनी ते नाव घेतले होते. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा मासिकांतून, दिवाळी अंकांतून आणि पुस्तकांतून आपल्याकडे आल्या. दिवाळी अंकातली कथा त्याच अंकात पुरी होते. तिला कोणी गुंडाळू शकत नाही, हा तिचा मोठा लाभ. परंतु ‘प्रेषित’सारख्या कादंबऱ्या आपल्याजवळ आहेत. त्यांच्या आवाक्याची विज्ञानकथा उद्या कोणी मराठी पडद्यावर दीर्घ मालिकेच्या रूपात आणली, तर तिला हा धोका पहिल्या दिवसापासून असणार. म्हणून त्याचा विचार आजच केलेला बरा.

आता माध्यम बदलले आहे. मालिका मोबाईलवर आली आहे, आणि अनेकदा सगळे भाग एकाच दिवशी हाती पडतात. त्यामुळे हा प्रश्न मिटला असे कोणाला वाटेल. तो मिटलेला नाही. एक सत्र झाले की पुढचे मिळेल की नाही, हे तिथेही आकड्यांवरच ठरते, आणि पहिल्या सत्राच्या शेवटी लोंबकळत ठेवलेली कथा कित्येकदा तशीच राहते. शिवाय सगळे भाग एका रात्रीत पाहून टाकताना कथेचा मध्य आपण स्वतःच गुंडाळत असतो, हेही लक्षात घ्यावे.

मग करावे काय? तीन गोष्टी आम्ही सुचवतो.

मालिका करणाऱ्यांनी कथेची लांबी आधी ठरवावी आणि ती जाहीर करावी. सव्वीस भाग म्हणा, बावन्न म्हणा. पण वचन द्यावे आणि दोन्ही बाजूंनी पाळावे. वाढवायचे नाही, तोडायचेही नाही.

लेखकांनी शेवट हाती घेऊनच आरंभ करावा. स्ट्रॅझिन्स्कीला संकटात कथा पुरी करता आली, याचे कारण त्याला कुठे जायचे ते ठाऊक होते. घाईने का होईना, त्याने प्रेक्षकांना पैलतीरी नेले. तीन वर्षे ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला, त्यांचे ऋण त्याने जमेल तसे फेडले. घाईची कथा ही तुटलेल्या कथेपेक्षा बरी, आणि ती लिहिणाऱ्याला दोष देण्याआधी त्याच्या डोक्यावर कोणती तलवार टांगलेली होती, ते पाहावे.

तिसरी गोष्ट आपली, म्हणजे ऐकणाऱ्यांची. अमेरिकेत पत्रांनी एक वर्ष मिळवले. आपल्याकडे झाडू हातात घेणाऱ्या माणसांनी संप करून एक कांड मिळवले. प्रेक्षक म्हणजे नुसता आकडा नव्हे, हे त्या दोन्ही प्रसंगांनी दाखवून दिले. एखादी कथा चांगली चालली असेल तर ती चालू असतानाच तसे कळवावे. बंद पडल्यावर हळहळून उपयोग नाही. आणि कथा सावकाश चालली असेल, तर ती कंटाळवाणी आहे की काही पेरत आहे, हे ओळखण्याइतका धीर धरावा. पाणी घातलेली आमटी आणि मंद आचेवर शिजणारी आमटी यांतला फरक आपल्या घरातल्या बायकांना झाकण उचलताच कळतो. तेवढी पारख कथेच्या बाबतीतही आपल्याला साधली, तर कोणती मालिका लांबवली जात आहे आणि कोणतीला वेळ देणे आवश्यक आहे, हे आपण ठामपणे सांगू शकू.

कथेतला वेळ हा शेवटी आपल्याच आयुष्यातला वेळ असतो. तो घेणाऱ्याने जपून घ्यावा, आणि आपणही कोणाला देतो ते पाहून द्यावा, एवढेच आमचे सांगणे.